स्नेक प्लांट बुडाशी मऊ पडून आडवा होतोय. पाणी तर चार दिवसांतून एकदाच घालते!

जुईची_आई | १४ मे, दुपारी ३:१०

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो, दुसऱ्या मजल्यावर. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत हिंडताना एका गाड्यावरून पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट घेतला होता. दीड-दोन फुटांची सात पानं, एकदम ताठ. गाडीवाला म्हणाला, "ताई, हे झाड विसरलात तरी चालतंय, मरत नाही." मी विसरले नाही, आणि ते मरायला लागलंय.

गेल्या आठवड्यात एक पान कललं. उकाड्यानं असेल म्हणून सोडून दिलं. काल दुसरं पान सरळ करायला गेले तर अख्खं पान हातात आलं. खालचं टोक पिवळं, पिचपिचीत, आणि वास असा की दोन दिवस विसरलेला डबा उघडावा. बाकीची पानं वरून हिरवीगार दिसतायत, म्हणूनच काही कळेना.

तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते. हॉलमध्ये आहे, पश्चिमेच्या खिडकीपासून चार-पाच फूट आत. शेजारी कूलर. प्लास्टिकची कुंडी आहे, ती शोभेसाठी पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीत उतरवून ठेवलीय. माती गाडीवाल्याचीच, काळी. नळाला पाणी येतं त्या दिवशी एक तांब्या पाणी घालते, म्हणजे चार दिवसांनी एकदा. बाहेर ४२ अंश आहे, ह्यापेक्षा कमी काय घालणार? की कमीच पडतंय?

होटगीरोडकर | १४ मे, दुपारी ३:४५

कमी पडत नाहीये. जास्त होतंय. बुडाशी मऊ आणि वास म्हणजे सडलंय. तहानलेल्या स्नेक प्लांटची पानं लांबीत दुमडतात, सुरकुततात, पण मऊ पडत नाहीत आणि वास तर अजिबात मारत नाहीत.

कडकभाकरी | १४ मे, दुपारी ४:०२

चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात झाड बुडून मेलं. पेपरात द्या बे कुणीतरी.

मातीखाऊ | १४ मे, संध्याकाळी ७:२०

ताई, आधी दोन गोष्टी करा, मग बोलू. आतली कुंडी उचलून चिनी मातीच्या कुंडीच्या तळाशी पाणी साचलंय का बघा. आणि खराट्याचा एक हीर घेऊन मातीत पार तळापर्यंत खुपसा. दहा मिनिटांनी काढा. कोरडा निघाला तर मी चुकलो. चिखल लागून निघाला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

माझा संशय मातीवर आहे. आपली काळी माती वरून भेगाळते, ठणठणीत दिसते, आणि वीतभर खाली ओल धरून बसलेली असते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी ह्याच गुणावर येते. पावसाळ्यात जमिनीनं पिऊन ठेवलेल्या पाण्यावर रब्बीचं पीक उभं राहतं, वरून एक थेंब नको. शेतात हे वरदान आहे. कुंडीत, तेही प्लास्टिकच्या, तीच माती चिकटून दगड होते. पाणी खाली उतरत नाही, हवा आत जात नाही.

स्नेक प्लांट मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, नायजेरिया ते काँगो ह्या पट्ट्यातला. पानं जाड, आणि जमिनीखाली आल्यासारखा आडवा कंद. दोन्हीकडे पाणी साठवून ठेवलेलं असतं. त्याला वरचेवर पाजायची गरजच नाही, पण मुळांना हवा लागते. ओल्या काळ्या मातीत मुळं गुदमरतात, मग बुरशी शिरते आणि कंद आतून कुजतो. पानं स्वतःच्या साठ्यावर महिना-दीड महिना हिरवी राहतात. म्हणून आपल्याला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

कूलरही हलवा. कूलरच्या ओलसर वाऱ्यात कुंडी वाळत नाही. म्हणजे बाहेर ४२ असले तरी तुमच्या झाडाच्या नशिबी श्रावण आहे.

जुईची_आई | १४ मे, रात्री ९:०५

उचलली. तळाशी चार बोटं पाणी! काळं, आणि त्यात चिलटं. हीर खाली अर्ध्यापर्यंत चिखलानं माखून आला.

पण एक तांब्याभर पाण्याचं चार बोटं कसं होईल? तेही चार दिवसांनी घालून? खरंच सांगते, मी जास्त घालत नाही.

गच्चीवाली | १४ मे, रात्री ९:३०

घरात आणखी कोण पाणी घालतं?

जुईची_आई | १५ मे, सकाळी ८:१५

सापडलं. 😄

आज नळाला पाणी आलं. मी मुद्दाम स्वयंपाकघरातून बघत उभी राहिले. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे आधी कळशी आणि दोन हंडे रिकामे केले, ताजं भरण्यासाठी. ते शिळं पाणी घेऊन त्या निघाल्या ते थेट हॉलमध्ये. सगळ्या कुंड्यांना वाटून झाल्यावर उरलेलं पाऊण हंडा स्नेक प्लांटला. म्हणजे मी तांब्या घालायचे, त्याच्या तासभर आधी त्यांचा हंडा झालेला असायचा. गेले चार महिने.

मी म्हटलं, "अहो आई, ह्यानं झाड कुजतंय." त्या म्हणाल्या, "मग पाणी काय मोरीत ओतू? १९७२ला चार मैलांवरून घागर आणलीय मी. भरलेलं पाणी फेकायचा हात होत नाही माझा."

ह्यावर मी काय बोलणार?

पूर्वभाग_अण्णा | १५ मे, सकाळी ९:४०

बरोबर बोलल्या की ओ त्या. आमच्या आईचं पण हेच होतं. ७२च्या माणसाला पाणी फेक म्हणून सांगायचं नसतं. तुम्ही त्यांना दुसरं गिऱ्हाईक द्या. गॅलरीत सावलीला अळू लावा, नाहीतर कर्दळ. कितीबी पाजा, ते नको म्हणत नाही. शिळं पाणी तिकडं, आणि स्नेक प्लांटला बिलकुल हात नाही.

गच्चीवाली | १५ मे, सकाळी १०:१०

अण्णांशी सहमत. आमच्याकडे शिळ्या पाण्यावर जास्वंद आणि अळू दोन्ही आहेत. नळाच्या दिवशी सगळ्या कुंड्यांना सरसकट पाणी देणं हा अख्ख्या सोलापूरचा रोग आहे. पाणी आपल्या वेळापत्रकानं येतं, झाडाच्या नव्हे. नळ आला म्हणून झाडाला तहान लागत नाही.

विजापूर_वेस | १५ मे, दुपारी १२:२५

विषय निघालाच आहे तर सांगतो, हे झाड हॉलमध्ये ठेवायचंच नसतं, झोपायच्या खोलीत ठेवायचं. रात्री ऑक्सिजन सोडतं. नासानं सिद्ध केलंय. आमच्या खोलीत दोन आहेत, झोप शांत लागते.

बॉटनीबाई | १५ मे, दुपारी ४:५०

३१ वर्षं महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे गप्प बसवत नाही. आधी ताईंच्या झाडाचं, मग नासाचं.

ताई, पिवळ्या काठाच्या जातीला लॉरेंटी म्हणतात. तिचं पान कापून लावलं तर नवीन रोप येतं, पण त्याला पिवळा काठ येत नाही, ते सबंध हिरवं येतं. पिवळ्या पेशींचा थर आणि हिरव्या पेशींचा थर असं दुहेरी कापड आहे ते. पानाच्या तुकड्यातून नवा कोंब फुटतो तेव्हा ही वीण जशीच्या तशी उतरत नाही. काठ टिकवायचा असेल तर कंदाचा जिवंत तुकडा, त्यावरच्या पानासकट, वाचवायला हवा. तेव्हा पानं कापत बसण्याआधी कंद तपासा.

आता नासा. तो अहवाल १९८९चा, वुल्व्हर्टन ह्यांचा. बंद पेटीत झाड ठेवलं, आत बेंझिन, फॉर्माल्डिहाइड असे वायू सोडले आणि किती कमी झाले ते मोजलं. रात्रीच्या ऑक्सिजनचा तिथे प्रश्नच नव्हता. शिवाय आपली घरं बंद पेट्या नाहीत. २०१९मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी असे आधीचे अनेक प्रयोग गोळा करून हिशेब मांडला. दारं-खिडक्या, फटी ह्यांतून घरातली हवा आपोआप बदलत असते. तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. तुमची खोली १० बाय १२ फुटांची धरली तर किमान ११० कुंड्या. मग तुम्ही झोपणार कुठे?

रात्रीच्या ऑक्सिजनची गोष्ट अर्धवट ऐकण्यातून आलीय. ह्या झाडाची पर्णरंध्रं दिवसा बंद असतात आणि रात्री उघडतात, दिवसाच्या उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून. रात्री ते कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं. दिवसा उजेड आला की रंध्रं बंद ठेवून त्या साठ्यातून साखर बनवतं. ऑक्सिजन तयार होतो तो पाण्याचं विघटन होताना, आणि त्याला उजेड लागतो. अंधारात ऑक्सिजन बनवणारी युक्ती ह्याच्याकडे नाही.

पटत नसेल तर पानफुटी आठवा. तिचाही हाच कारभार. तिचं पान पहाटे आंबट लागतं आणि दुपार टळल्यावर बेचव. रात्रभर साठवलेलं आम्ल दिवसभरात खर्चलेलं असतं. बेंजामिन हाइने नावाच्या जर्मन वनस्पतिज्ञानं हे आपल्याच देशात, पानफुटीची पानं चाखून नोंदवलं आणि १८१३मध्ये लंडनला पत्रानं कळवलं. उपकरण कोणतं, तर जीभ.

कडकभाकरी | १५ मे, संध्याकाळी ५:१५

मग उद्या पहाटे स्नेक प्लांट चाखून बघू का बाई? ह्याला सासूची जीभ म्हणतात असं ऐकलंय. जिभेनं जीभ चाखायची.

पशुवैद्य_पंढरपूर | १५ मे, संध्याकाळी ६:३०

मुळीच नको. पानांत सॅपोनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. माझ्याकडे येतात ती मांजरं आणि कुत्र्याची पिल्लं, पान चावून लाळ गाळत, ओकत, कधी जुलाब लागलेली. सहसा जिवावर बेतत नाही, पण एक-दोन दिवस जनावर मलूल होतं. घरात रांगतं मूल किंवा पान कुरतडणारं मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

विजापूर_वेस | १५ मे, संध्याकाळी ७:००

बाई, तुमचं मान्य. पण झोप शांत लागते हेही खरं.

बॉटनीबाई | १५ मे, संध्याकाळी ७:१२

लागू दे की. झाड बघून बरं वाटतं, हे कारण काय कमी आहे?

जुईची_आई | १६ मे, दुपारी १:३०

आता हे वाचवू कसं? कुणी क्रमानं सांगेल का? सासूबाईही शेजारी बसल्यात वाचायला.

मातीखाऊ | १६ मे, दुपारी २:१५

सांगतो. काकू, नमस्कार.

कुंडी आडवी करून माती सकट झाड बाहेर काढा. माती धुऊन कंद उघडा करा. बोटानं दाबत जा. कडक, आतून पांढरा-पिवळसर लागेल तो जिवंत. तपकिरी, बुळबुळीत असेल तो गेला. सुरी स्पिरिटनं पुसून घ्या आणि कुजका भाग कापा. कापलेल्या जागी तांबूस ठिपका जरी दिसला तरी आणखी अर्धा इंच आत कापा. इथे दया दाखवायची नाही, ठिपका राहिला की पुन्हा पंधरा दिवसांनी वास सुरू. कापलेल्या जागेला हळद किंवा बुरशीनाशकाची पूड लावा.

मग कुंडीत घालायची घाई करू नका. चार-पाच दिवस सावलीत, वर्तमानपत्रावर तसंच उघडं पडू द्या. जखमेवर खपली धरली पाहिजे. एवढ्या दिवसांत झाड मरेल ह्या भीतीनं लोक लगेच मातीत खुपसतात आणि दुसऱ्यांदा घालवतात.

माती: दोन वाटे चाळलेला मुरूम, एक वाटा माती, एक वाटा जुनं शेणखत. मुरूम चाळणीवर राहतो तो घ्यायचा, खाली पडणारी भुकटी टाकून द्यायची. ती परत सिमेंटसारखी बसते. घराचं बांधकाम चालू असेल तिथे मागितलात तर एक पोतं फुकट मिळतं. मुरूम नसेल तर विटांचे चिंचोक्याएवढे तुकडे. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मी घालत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते एकदा पूर्ण सुकलं की पाणी वरून वाहून जातं, आणि ओलं असलं की सोडत नाही.

कुंडी कुंभाराकडची, मातीची, तळाला भोक असलेली. झाडापेक्षा जेमतेम दोन बोटं मोठी. मोठ्या कुंडीत जास्त माती, जास्त माती म्हणजे जास्त ओल. शोभेची पांढरी कुंडी वाटल्यास बाहेरून राहू द्या, पण पाणी घातल्यावर अर्ध्या तासानं तळ रिकामा करायचा.

होटगीरोडकर | १६ मे, दुपारी ३:००

कोकोपीटवर असहमत. मी मुरमात चौथा वाटा कोकोपीट घालतो, सहा वर्षं झाली, काही झालं नाही. पण आमच्याकडे झाडं उत्तरेच्या गॅलरीत आहेत, कदाचित त्यामुळे असेल. बाकी सगळं मान्य.

माझा एक प्रश्न. बोअरचं पाणी वापरतो. कुंडीच्या कडेला पांढरा थर येतोय आणि पानांची टोकं सुकतायत. हे कशानं?

मातीखाऊ | १६ मे, दुपारी ३:२०

क्षार. बोअरचं पाणी जड आहे. वर्षातून दोनदा कुंडी मोरीत ठेवून भरपूर साध्या पाण्यानं धुऊन काढा, खालून निथळू द्या, मग महिनाभर पाणी नको. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी साठवता आलं तर उत्तम. सुकलेलं टोक परत हिरवं होत नाही. कात्रीनं तिरकं कापून टाका, दिसायला बरं.

जुईची_आई | १७ मे, सकाळी ११:००

ऑपरेशन झालं. सात पानांपैकी तीन गेली, दोन पानांच्या खालचा कंद अंगठ्याएवढाच उरलाय पण कडक आहे. उरलेल्या दोन पानांना खाली काहीच नाही, ती नुसती कापून ठेवलीत. म्हणजे गड्ड्यातून आणलेल्या झाडाचा गड्डाच कुजला होता.

एक मजेशीर गोष्ट. कुजलेलं पान नळाखाली धरलं तर गर सगळा वाहून गेला आणि हातात पांढरे लांब धागे उरले. चांगले मजबूत. जुईनं ओढून बघितले, तुटेनात.

पूर्वभाग_अण्णा | १७ मे, दुपारी १२:२०

ताई, तुम्ही न शिकता वाख काढलाव! अंबाडी पाण्यात कुजवून वाख काढतात ना, तसंच ते. गर सडतो, धागा राहतो. मी ३० वर्षं मागावर काढली. चादरीचं सूत, टॉवेलचं सूत, ह्या हातांतून किती गेलं हिशेब नाही, पण असला लांब धागा पानातून येतो हे मला पण एका म्हाताऱ्यानं दाखवलं होतं. फळीवर पान ठेवायचं आणि बोथट सुरीनं खरवडत जायचं. बारीक दोरी वळता येते. त्यानं भाजीची जुडी बांधून दाखवली होती.

टॉवेलवरून आठवलं. आमच्याकडं घराला लागून माग होते, कापसाची लव पानांवर बसून पानं पांढरी व्हायची. जुन्या टॉवेलचा तुकडा ओला करून महिन्यातून एकदा पुसायचो. धूळ बसली की उजेड पोचत नाही. एक हात पानाच्या मागं धरायचा, नाहीतर पान मोडतं. तेल, दूध काही लावायचं नाही, लोक चमक यावी म्हणून लावतात. त्यावर दुप्पट धूळ बसते.

बॉटनीबाई | १७ मे, संध्याकाळी ५:४०

अण्णा, तुमच्या म्हाताऱ्याला नमस्कार. ह्याच कुळातली एक जात आपल्या देशातली आहे, रॉक्सबर्ग ह्या वनस्पतिज्ञाचं नाव तिला दिलंय. इंग्रजांनी ह्या झाडांना धनुष्याच्या दोरीचा ताग अशा अर्थाचं नाव दिलं ते ह्या धाग्यामुळेच. संस्कृतात धनुष्याच्या दोरीला मौर्वी म्हणतात, म्हणजे मूर्वेपासून केलेली. मूर्वा म्हणजे नेमकी कोणती वनस्पती ह्यावर वैद्यांत जुना वाद आहे, पण दावेदारांत ही जात आहे.

आणखी एक. जुन्या पुस्तकांत सॅन्सेव्हेरिया नाव सापडेल. २०१७पासून तिला ड्रॅसीना ह्या मोठ्या प्रजातीत घातलंय. नर्सरीवाल्यांना हे सांगायला जाऊ नका, ते स्नेक प्लांटच म्हणतात आणि त्यांचं काही अडत नाही.

गच्चीवाली | १७ मे, रात्री ८:१०

बिनकंदाची दोन पानं फेकू नका हं. प्रत्येकाचे चार-चार बोटांचे तुकडे करा, खपली धरू द्या, मग मुरमात बोटभर खोल खुपसा. खालची बाजू खालीच राहिली पाहिजे, उलटा लावलेला तुकडा मूळ धरत नाही. कापतानाच खालच्या बाजूला तिरका छेद द्या, म्हणजे गोंधळ होत नाही. मी पहिल्यांदा अर्धे उलटे लावले होते आणि तीन महिने रोज वाट बघत होते.

काठ जाईल हे खरं, पण साधी हिरवी रोपं वाटायला बरी पडतात. घाई करू नका. मुळं यायलाच दीड-दोन महिने जातात, कोंब त्याच्याही नंतर.

मुक्कामपोस्ट_बार्शी | १९ मे, सकाळी १०:३०

धागा वाचून आमचा स्नेक प्लांट उचलला आणि थेट गच्चीवर उन्हात ठेवला, वाळू दे म्हणून. दोन दिवसांत पानांवर पांढरे भाजल्यासारखे चट्टे. आता?

मातीखाऊ | १९ मे, सकाळी ११:०५

अहो, मे महिन्यात! आत वाढलेलं झाड दुपारच्या उन्हात म्हणजे आपण अनवाणी डांबरावर. चट्टे जाणार नाहीत. लगेच आत घ्या, नवीन पानं येतील ती नीट येतील. उजेड भरपूर हवा, पण गाळून आलेला. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली. पश्चिमेची असेल तर पडद्याआड. आणि उन्हाळाभर सगळे पडदे ओढून अंधार करतो त्या खोलीत झाड जगेल, पण वाढणार नाही. त्या काळात पाणी आणखी कमी.

विजापूर_वेस | १९ मे, दुपारी १२:४०

कोणत्या दिशेला ठेवावं हे वास्तूच्या दृष्टीनं कुणी सांगेल का?

कडकभाकरी | १९ मे, दुपारी १२:४३

कूलरच्या विरुद्ध दिशेला.

जुईची_आई | ११ जून, संध्याकाळी ६:००

मृगाचा पहिला पाऊस झाला. कंदाचा तुकडा मे महिन्यातच मुरमात लावला होता, आठ दिवस पाणी घातलं नाही. नंतर आतापर्यंत दोनदाच. पान हलवून बघितलं तर घट्ट आहे, म्हणजे मुळं धरली असावीत. तुकडे सात लावले, दोन कुजले, पाच आहेत तसे आहेत.

अळू लावलंय. सासूबाई शिळं पाणी आता तिकडे नेतात.

मातीखाऊ | ११ जून, रात्री ८:३०

छान. आता पावसाळ्यात हवाच ओली, त्यामुळे तीन आठवड्यांनी हीर घालून बघा, वाळलं असेल तरच पाणी. थंडीत महिन्यातून एकदा पुरतं. पुढच्या उन्हाळ्यात ह्या मुरमाच्या कुंडीला दहा-पंधरा दिवसांनी लागेल. आकडे पाठ करू नका, हिरावर विश्वास ठेवा. खत यंदा नको. पुढच्या मृगात मूठभर गांडूळखत.

होटगीरोडकर | २३ ऑगस्ट, रात्री १०:१५

धागा वर काढतोय. आमच्या सहा वर्षांच्या झाडाला फूल आलंय! दांडा हातभर, बारीक हिरवट-पांढरी फुलं, रात्री उमलतात आणि वास मोगऱ्यासारखा नाही, पण गोड. दांड्यावर मधासारखे थेंब आहेत, मुंग्यांची रांग लागलीय. कुंडी इतकी गच्च झालीय की प्लास्टिक एका बाजूनं तडकलं. शेजारच्या काकू म्हणतात काढून टाका, अशुभ असतं. वरच्या मजल्यावरचे म्हणतात फार शुभ, लॉटरी काढा.

बॉटनीबाई | २४ ऑगस्ट, सकाळी ९:२०

मुळांना जागा कमी पडली की ही झाडं पुष्कळदा फुलतात. तुमची तडकलेली कुंडी हेच सांगतेय. ज्या कोंबाला फूल आलं तो पुढे नवी पानं काढणार नाही, पण बाजूनं पिल्लं येत राहतील. फूल संपलं की दांडा कापा आणि मग कुंडी बदला. लॉटरीचं तुमचं तुम्ही ठरवा.

गच्चीवाली | २४ ऑगस्ट, सकाळी १०:००

पानांच्या बेचक्यात कापसासारखे ठिपके दिसतायत का तेही बघून घ्या. मुंग्या आल्या की मागोमाग पिठ्या ढेकूण येतो. स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून पुसलं की जातो. आमच्याकडे 'हानी' नावाची स्नेक प्लांटची बुटकी जात आहे, तिला दर पावसाळ्यात होतो, पानं दाट असल्यामुळे दिसतही नाही.

जुईची_आई | १९ ऑक्टोबर, सकाळी ११:४५

शेवटचा अहवाल देते.

कंदाच्या तुकड्याला बाजूनं कोंब आलाय, बोटभर उंच, गुंडाळलेला. पिवळा काठ आहे! पाच तुकड्यांपैकी तिघांच्या बुडाशी पिल्लं दिसतायत, तिन्ही सबंध हिरवी, बाई म्हणाल्या होत्या तशी. सासूबाईंना पटत नाही. त्या म्हणतात, तू मधेच दुसरं झाड आणून लावलंस.

कुंडीत हीर आता कायमचा रोवलेला असतो आणि तो उपसून बघायचा अधिकार फक्त त्यांचा. मी परवा पाणी घालायला गेले तर हात धरला. "ओल आहे अजून. कुणी सांगितलं तुला?" अळूचं म्हणाल तर आठवड्याला वड्या होतायत, खाऊन कंटाळलो.

कडकभाकरी | १९ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

वड्यांचा पत्ता कळवा. आणि एक हिरवं पिल्लू मला द्याल का? सात रस्त्याला राहतो, रविवारी येऊन नेतो.

जुईची_आई | १९ ऑक्टोबर, दुपारी १२:३५

या की. पिल्लू अजून लहान आहे, दिवाळीनंतर काढू. माती देणार नाही, मुळं मोकळी करून पेपरात गुंडाळून देईन. मुरूम तुमचा तुम्ही चाळून ठेवा. लावल्यावर पहिले आठ दिवस पाणी घालायचं नाही, आणि घातलंत का ते सासूबाई रोज फोन करून विचारणार आहेत. नंबर त्यांनी मागून ठेवायला सांगितलाय.